तुझा खलबत्ता पस्तीसवरच आहे

शेवंते, वाडीच्या मंडळाच्या अंकात तुझा फोटो येणार आहे. हिरव्या साडीतला, भाचीच्या लग्नातला. तुझं माहेर, सासर, मुलंबाळं, सगळं मंदाने एका कागदावर लिहून दिलं. मला म्हणाली, बाबा, तुम्ही पण चार ओळी लिहा. मी म्हटलं, चार ओळी मला जमायच्या नाहीत. चौथी शिकलेला माणूस मी. लिहायला बसलो तर एक तर दोन शब्दांत संपेल, नाही तर थांबणारच नाही. तर बसलोय. शुद्धलेखन मंदा बघेल. मजकुराला हात लावायचा नाही असं तिला सांगून ठेवलंय.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती, म्हणून हा खटाटोप. मी तुझ्याशी खोटं बोललो. अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाच, पण चांगलं डोळ्यांत बघून बोललो.

मी तोंडावर बोलणारा माणूस, हे तुला कुणी सांगायला नको. मंदाच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीत मी म्हटलं आमटी खारट झालीय, तर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तुझ्या भावाला त्याच्याच ओटीवर बसून आळशी म्हटलं. तू नवी साडी नेसून विचारलंस कशी दिसते, मी म्हटलं साडी बरी आहे. असा मी. आणि खोटं बोललो ते कशावरून, तर एका खेळातल्या विमानावरून.

तुझा उजवा हात नाचायला लागला तेव्हा डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, कंपवात. गोळ्या दिल्या आणि एक मऊ चेंडू दिला, दिवसातून तीनदा दाबायचा. तू तो आठ दिवस दाबलास आणि मग मांजरीला दिलास. म्हणालीस, "दाबून दाबून काय व्हतं? पीठ मळलं तर भाकरी तरी व्हते." मंदा मुंबईहून आली तेव्हा मी तिच्याकडे तुझी तक्रार केली. पुढच्या खेपेला ती घरातला जुना कॉम्प्युटर घेऊन आली आणि पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. जावयाची होती, माळ्यावर पडलेली. खाली जड गोल बैठक, मधोमध उभा दांडा, त्याला बोटांसाठी खाचा, डोक्यावर बटणं.

"ह्ये काय गो? खलबत्ता?" तू विचारलंस.

"जॉयस्टिक आहे आई. याने विमान चालवायचं. हाताला काम होईल तुझ्या."

"इमान? मी?"

"मग कोण, बाबा?"

"यांना नको. ह्ये इमान नेऊन बंदराला लावतील."

त्या दिवसापासून त्याचं नाव खलबत्ता पडलं. जॉयस्टिक म्हणायला तुझी जीभ वळत नव्हती असं नाही. तुला दुसरं म्हणायचंच नव्हतं.

मंदा दोन दिवस राहिली. तिने तार जोडली, खेळ घातला आणि सगळं मला शिकवलं, कारण तू म्हणालीस यंत्राचं काय ते यांना शिकव, मी नुसती चालवीन. तांडेल म्हणून लाँच चालवताना मी कितीतरी वर्षं जीपीएस बघितला, मासळी दाखवणारं यंत्र बघितलं, त्यामुळे पडद्याला मी घाबरत नाही. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. बाकी सगळं मी जागेवरून ध्यानात ठेवलं. दातेरी चाकाचं चित्र, मग वरून चौथी ओळ, मग उजवीकडची खूण.

आधी त्या दांड्याची ओळख करून द्यावी लागते. तो चारी कोपऱ्यांत फिरवायचा, म्हणजे यंत्राला कळतं की हा इथपर्यंत जातो. पडद्यावर एक चौकोन असतो, त्यात बारकी फुली. दांडा हलवला की फुली हलते, सोडला की मधोमध येऊन उभी राहते. मी फिरवला तेव्हा फुली बरोबर मध्ये थांबली. मग कुठला भाग काय करणार ते एकेक नेमून द्यायचं. बैठकीवरची सरकती पट्टी म्हणजे इंजिनाची रेस. बोटाखालचा घोडा म्हणजे ब्रेक. डोक्यावरची टोपी फिरवली की इकडेतिकडे बघता येतं.

प्लास्टिकच्या टेबलावर ती बैठक सरकत होती. तू दांडा ओढलास की सगळा खलबत्ता तुझ्या पोटाशी यायचा. मी ट्यूबचं रबर कापून खाली लावलं, एक फळी आडवी ठोकली आणि मनगट टेकायला मासळीच्या पेटीतला थर्माकोल कापून त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं. जावयाने नंतर तो थाट बघितला आणि म्हणाला, बाबा, हे कंपनीला पण सुचलं नाही. तेवढ्यावर मी वर्षभर खूश होतो.

मग माझी ती चूक.

दांडा मागे ओढला की विमानाचं नाक वर जातं. मला ते उलटं वाटत होतं. पण तुला एका झटक्यात कळलं. मंडणगडच्या डोंगरातली शेतकऱ्याची पोर तू. म्हणालीस, "बैलाचा कासरा वढला की बैल मान वर करतो, त्यात काय येवढं?" तेवढं मी मान्य केलं. पण तो दांडा पिळताही येतो, आणि पिळला की विमान जमिनीवर डावीउजवीकडे वळतं. मंदा म्हणाली, हे विमानाचं सुकाणू. सुकाणू म्हटल्यावर मला कोण शिकवणार? मी चौदाव्या वर्षी होडीवर चढलो, तेव्हापासून सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. मंदा मुंबईला गेली. मी यंत्रात बघितलं, तर यांनी डावीकडे पिळलं की डावीकडेच ठेवलेलं. मी म्हटलं, कारखान्यात कोण बसलेत, कधी पाण्यात उतरलेत का? तिथे एक चौकट होती, तिच्यात खूण केली की सगळं उलट होतं. मी खूण केली आणि तुला काही बोललो नाही.

वीस दिवस तू पडद्यावर रत्नागिरीच्या सड्यावरच्या धावपट्टीशेजारचं गवत कापत होतीस. विमान धावायला लागलं की आपोआप डावीकडे ओढतं, ते उजवीकडे पिळून सांभाळायचं. तू उजवीकडे पिळायचीस, ते आणखी डावीकडे जायचं आणि गवतात. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा गवतात. मी शेजारी उभा राहून ओरडायचो, सुकाणू धर, सुकाणू धर.

"ओ तांडेल," तू म्हणालीस, "ह्ये इमान हाय का टमटम?"

शेवटी मंदाला फोन लावला, तिने फोनच्या कॅमेऱ्यातून पडदा बघितला आणि हसत खाली बसली. "बाबा, तुम्ही होडी केलीत त्याची." तिने मला ती खूण काढायला लावली. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, अठ्ठेचाळीस वर्षं यांच्या सुकाणूवर संसार केला, म्हणून अशी गवतात पडले. तेव्हा अठ्ठेचाळीस झाली नव्हती, पण भांडताना तू नेहमीच दोनचार वर्षं वाढवून सांगायचीस.

गंमत पुढेच आहे. खूण काढली आणि तू पुन्हा गवतात. तीन दिवस बघितलंस आणि म्हणालीस, "माझा हात आता यांच्यासारखा उलटा झाला. करा परत तसंच." मी परत खूण केली. चौथ्या दिवशी तू विमान सरळ धाववलंस आणि उचललंस. मे महिन्यात जावई आले, मोठ्या दिमाखात खलबत्त्यावर बसले आणि दहा वेळा गवतात गेले. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. "जावईबापू, आमच्या घरचं इमान हाय ह्ये. सगळ्यांना नाय जमायचं." मी अजून म्हणतो की सुकाणू उलटंच बरोबर. त्या बाबतीत तू मला बरोबर म्हटलं नाहीस, पण उलटं ठेवून घेतलंस. माझ्या हिशेबी ते म्हटल्यासारखंच आहे.

मग तुझा नेमच झाला. दुपारी जेवणं झाली, भांडी पालथी घातली की तू मागच्या खोलीत जायचीस. कुणी शेजारीण विचारायला आली की मी ओटीवरून सांगायचो, ती माहेरी गेलीय. खोटं नव्हतं ते. सड्यावरून उठायचं, समुद्र डाव्या हाताला धरायचा आणि वर वर जायचं. जयगड, गुहागर, दाभोळ, हर्णै. मी स्टुलावर बसून टोकं सांगायचो. सगळा तो किनारा मी पाण्यातून बघितलेला, तू एसटीच्या खिडकीतून. वरून दोघांनीही पहिल्यांदाच बघितला. बाणकोटच्या खाडीशी आलीस की उजवीकडे वळायचीस, खाडीवरून आत, आणि मंडणगडाचा डोंगर दिसला की तुझा आवाज बदलायचा.

तिथे काही नव्हतं, शेवंते. पडद्यावर तुझ्या गावाच्या जागी नुसती झाडं होती, ती पण कसली तरी टोकदार, आपल्याकडे होत नाहीत तसली. तू म्हणायचीस, "इथं आमचा फणस. ह्यो खाली पाण्याचा व्हाळ. तिथं आईचं घर." मी म्हणायचो, अगो, कुठे आहे घर? "मेल्या डोळ्यांनी बघितलं तर नाय दिसायचं," तू म्हणायचीस, आणि एक मोठी गिरकी घ्यायचीस. एकदा मी पाणी आणायला उठलो होतो, परत आलो तेव्हा तू पडद्याला सांगत होतीस, "आई, आले गो. उतरायला जागा नाय, वरूनच जाते."

मी दारातच उभा राहिलो. तुझी आई गेली तेव्हा मी समुद्रात होतो आणि तू दोन एसट्या बदलून एकटी पोचलीस, तोवर सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल तू मला कधी बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आता खोट्याचं सांगतो.

पहिल्या वर्षी विमान बरं जायचं. मग तुझ्या हाताचं नाचणं वाढलं. तू दांड्यावर हात ठेवलास की विमान डुलायचं, पंख वरखाली, वरखाली. तू खुर्चीतून लवकर उठायला लागलीस. दाभोळपर्यंत जाऊन परत. मग जयगडवरूनच परत. मग एक दिवस म्हणालीस, आज नको, डोकं दुखतंय. तुझं डोकं कधी दुखलेलं मला आठवत नाही.

तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी मंदाला फोन केला. तिने कॅमेऱ्यातून मला एक आकडा दाखवला. तो वाढवला की दांडा मधल्या जागेत कितीही हलला तरी यंत्र दाद देत नाही, त्या जागेच्या बाहेर गेला तरच ऐकतं. मंदा म्हणाली, याला डेडझोन म्हणतात. मी म्हटलं म्हणजे काय? म्हणाली, मेलेली जागा. मी म्हटलं, असलं नाव कोण ठेवतं? लाँचच्या चक्राला अशीच मोकळी जागा असते, तिला आपण प्ले म्हणतो. चक्र चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे फिरलं तरी लाँच सरळ. नवीन माणूस म्हणतो चक्र ढिलं आहे, घट्ट करा. जुना तांडेल ठेवतो थोडा प्ले. सगळ्याच लाटांना उत्तर द्यायचं नसतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी तुला म्हटलं, जरा दांडा धर, तपासतो. तू धरलास. मी पडद्यावर तो चौकोन उघडला. माझ्या हाताखाली गप्प उभी राहणारी फुली तुझ्या हाताखाली माशीसारखी नाचत होती. डॉक्टर तीन महिन्यांनी बघायचे, मला ते तिथे मापात दिसलं. तू विचारलंस, बरोबर हाय ना? मी म्हटलं, बरोबर आहे. आणि तू गेल्यावर तो आकडा शून्याचा पाच केला.

दुसऱ्या दिवशी तू हर्णैपर्यंत गेलीस. उठलीस ती गाणं म्हणतच उठलीस. "गोळी लागू पडली वाटतं," म्हणालीस. मी म्हटलं, वाटतंय खरं.

मग पाचाचे आठ. आठाचे बारा. तू देवळात गेलीस, न्हाणीत गेलीस, वाळवण घालायला गच्चीवर गेलीस की मी मागच्या खोलीत. म्हातारपणी चोरासारखा पावलं वाजू न देता. वाडीभर तू सांगत सुटलीस की माझा हात बरा होतोय. डॉक्टरांना मी तुझ्यामागे खरं सांगून आलो, छत्री विसरलो म्हणून परत गेलो होतो ना, तेव्हा. गोळीत घोळ नको व्हायला. ते म्हणाले, राहू द्या, औषधाचं मी बघतो.

आणि मग गणपतीच्या आधीची ती दुपार. तू दाभोळवर होतीस. हातातल्या हिरव्या बांगड्या सारख्या किणकिणत होत्या आणि विमान दोरीवर ठेवल्यासारखं सरळ चाललं होतं. तू आधी हाताकडे बघितलंस. मग विमानाकडे. मग माझ्याकडे.

"ओ तांडेल. हात माझा नाचतोय आणि इमान गप कसं?"

"मोठं आहे ते," मी म्हटलं. "मोठी लाँच बारक्या लाटेला हलते का?"

"तुमी काय केलंत नाय ना?"

"मी काय करणार?"

"खरं?"

"मी कधी खोटं बोललोय तुझ्याशी?"

तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. खाली दाभोळची खाडी निघून गेली तरी बघत होतीस. मग म्हणालीस, "नाय. कंदीच नाय," आणि पुढे बघायला लागलीस. ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या छातीत अडकलंय. मी त्या दिवशी बावीसवर आकडा नेला, आणि मग वाढवायचा थांबलो. थांबलो, कारण गरजच पडली नाही. दिवाळी झाली, पौष गेला, विमान सरळच. मला वाटायला लागलं की गोळी खरोखरच लागू पडली.

आपलं शेवटचं भांडण त्याच दिवसांतलं. तू हिरव्या बांगड्या काढून ठेवल्यास आणि दोन्ही हातांत एकेकच पाटली ठेवलीस. मी ओरडलो, नवरा जिवंत असताना बोडक्या हातांनी फिरतेस, लोक काय म्हणतील? तू म्हणालीस, टेबलावर घासतात, चरे पडतात. मी म्हटलं, टेबलाला चरे पडले तर पडू देत, मी मरायची वाट बघ. तू म्हणालीस, "तुमच्या जिभेला हाड नाय," आणि उठून गेलीस. बांगड्या काही घातल्या नाहीस. वर खलबत्त्यावर बसताना हातावर टॉवेल घ्यायला लागलीस. थंडी वाजते म्हणालीस. रत्नागिरीत कसली आलीय थंडी. जेवताना चमचा घेतलास, तोही डाव्या हातात. हे सगळं मी बघितलं. डॉक्टर तुझा हात हातात घेऊन बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, तेही बघितलं. मनात म्हटलं, यांना काय कळतंय, यांनी तिचं विमान कुठे बघितलंय. मला खरंच दिसलं नाही की बघायचं नव्हतं, ते आता मला सांगता येत नाही.

न्हाणीत पाय सरकला त्याचं मी लिहीत नाही. हॉस्पिटलात नऊ दिवस तुझा हात माझ्या हातात होता. जागी असलीस की तो थरथरायचा, झोप लागली की थांबायचा. त्यावरूनच मला कळायचं, झोपली. नवव्या दिवशी सकाळी हात थांबला. मी मंदाला खूण केली, बोलू नको, आत्ताच डोळा लागलाय. नर्स येईपर्यंत मी तसाच धरून बसलो होतो.

तेरावं झालं. पाहुणे गेले. परवा दुपारी जेवणं झाल्यावर मंदा म्हणाली, "बाबा, मागच्या खोलीतलं सगळं बांधून घेऊन जाऊ का? तुम्हाला बघून त्रास होत असेल." मी म्हटलं, हात लावू नको. आणि पहिल्यांदा तुझ्या खुर्चीत बसलो.

विमान उचललं, उलट्या सुकाणूने, एका झटक्यात. तुझ्या जावयाला जमलं नाही ते. पण वर गेल्यावर ते मला दाद देईना. दांडा डावीकडे केला, काही नाही. आणखी केला, काही नाही. आणखी केला तर एकदम आडवं. सावरायला गेलो तर दुसरीकडे आडवं. मिऱ्याच्या डोंगरापर्यंत दारू प्यायल्यासारखा गेलो आणि समुद्रात पडलो. मला वाटलं खलबत्ता बिघडला. तू गेलीस आणि हा पण गेला. दातेरी चाक, वरून चौथी ओळ, उजवीकडची खूण.

आकडा पस्तीस होता.

मी बावीसवर ठेवला होता, शेवंते. माझ्या ध्यानात आकडा राहतो, बाकी काही राहत नाही. मी मंदाला हाक मारली. ती हात पुसत आली.

"हे तू केलंस?"

तिने बघितलं आणि खाली मान घातली. "नाही बाबा. आईने केलंय."

"तिला कुठे येतंय?"

"दिवाळीत मी आले होते ना. तुम्ही बंदरावर गेला होतात. म्हणाली, तुझा बाप मी न्हाणीत गेले की आत येऊन काय वाढवतो, ते मला दाखव. त्याने वाढवलेलं आता पुरत नाय."

मी पुन्हा त्या आकड्याकडे बघितलं. तुझी सातवी झालेली, माझी चौथी, हे मी विसरलोच होतो. बिस्किटाच्या पुड्यावरची इंग्रजी अक्षरं तू नातवंडांबरोबर बसून लावायचीस, तेही विसरलो होतो.

"मी म्हटलं," मंदा म्हणाली, "आई, मग बाबांनाच सांग की वाढवायला. तर म्हणाली, त्यांना सांगितलं तर त्यांना कबूल करावं लागेल. उभ्या जन्मात एकदा खोटं बोलायला शिकलेत, मोडू नको त्यांचं."

एवढं सांगून मंदा रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली.

म्हणजे मी देवळाची वेळ साधत होतो आणि तू बंदराची. मी बारा केले ते तू ओळखून होतीस. मी बावीस केले, तेही. मी थांबलो, तेव्हा पुढचं तू उचललंस. पंचवीस, तीस, पस्तीस. मला कळू नये म्हणून किणकिणणाऱ्या बांगड्या काढल्यास, हातात एकेकच पाटली ठेवलीस, एकटी काय वाजणार. वरून माझी बोलणी खाल्लीस आणि टेबलाला चरे पडतात म्हणालीस. वाडीत मी छाती काढून सांगत फिरलो, आमच्या हिचा हात बरा झाला. ते चार महिने मी सुखात झोपलो. ते तू मला दिलेले होते. मी समजत होतो मीच तुला देतोय.

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. आता ते लिहायला लाज वाटते. बांगड्यांवरून बोललो त्याचं मात्र लिहितो. चूक माझी. आमटी खारट होती त्यावर मी कायम आहे.

मंदाने डोळे पुसून विचारलं, "बाबा, शून्यावर करून देऊ? तुमचा हात चांगला आहे, नीट उडवता येईल तुम्हाला." मी नको म्हटलं. ती आज सकाळच्या गाडीने गेली. खलबत्ता जागेवर आहे, खाली तुझं फडकं आहे, सुकाणू उलटं आहे. काल हर्णैपर्यंत गेलो. सवय होतेय. दांडा त्या मधल्या जागेत कितीही हलवला तरी विमान ऐकत नाही, नुसतं सरळ जात राहतं, आणि तेवढी जागा किती ते मला माझ्या हातात कळतं. ती बरोबर तुझ्या थरथरीएवढी आहे. मंदा त्याला मेलेली जागा म्हणते. म्हणू दे तिला.

उद्या परवाकडे बाणकोटला पोचेन. खाडीवरून आत वळेन. तुझा फणस मला दिसणार नाही, पण गिरकी कुठे घ्यायची ते माहीत आहे. तिथे तुझ्या आईला काय सांगायचं ते अजून ठरवलं नाही. मी उशिरा आलो एवढं सांगेन.

माझा हात अजून स्थिर आहे. पण वय झालंय, कधीतरी तोही नाचायला लागेल. त्याची मला आता काळजी नाही. तू पस्तीसपर्यंत जागा करून ठेवलीयस, तेवढी मला पुरेल.